कोरा कागद की दोन चिठ्ठ्या?

प्राथमिकच्या मुलांकडून गोष्टी लिहून घ्यायच्या तर दोन वाटा हमखास सुचवल्या जातात. एक, विषय न देता मनातलं लिहू द्यायचं. दुसरी, एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द देऊन त्यांची गाठ घालायला लावायची. मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत.

मोकळ्या लेखनाबद्दल मला आदर आहे. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्टँ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात वर्गात चक्क छापखाना आणला. मुलांनी लिहिलेलं वाचून दाखवायचं, त्यातलं एक सगळ्यांनी मिळून निवडायचं, सुधारायचं, अक्षरांचे खिळे जुळवून छापायचं आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवायचं. वाचणारं कुणी आहे म्हटल्यावर मूल शुद्धलेखनसुद्धा आपणहून विचारतं. आपण मात्र छापखाना सोडतो आणि ‘हवं ते लिहा’ एवढंच उचलतो. मीही तेच केलं.

तिथेच माझं घोडं अडलं. दोन-तीन मुलं भरधाव सुटायची, बाकीची पेन्सिलीला टोक काढत बसायची. टोक झालं की पुन्हा टोक. मग ‘काय लिहू?’ मी बाकाबाकापाशी जाऊन पुटपुटायचो, आजीबद्दल लिही, कालच्या पावसाबद्दल लिही. तास संपताना वह्या पाहिल्या तर सगळे विषय मीच वाटलेले! स्वातंत्र्य त्यांचं आणि डोकं माझं. हे दर आठवड्याला व्हायला लागलं तेव्हा मी कंटाळलो.

दोन शब्दांची युक्ती इटलीतले बालसाहित्यकार जान्नी रोदारी यांनी १९७३ साली पुस्तकात मांडली. त्यांची जोडी कुत्रा आणि कपाट. मराठीत तर प्रत्ययच अर्धं काम करतात: कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा. कुत्रा कपाटात काय ठेवत असेल, हा प्रश्न मला विचारावाच लागत नाही. एकदा चिठ्ठ्यांतून मासा आणि छत्री निघाले. ‘माशाला छत्री कशाला? तो ओलाच असतो की,’ एकीने हरकत घेतली. मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘डोक्यावर थेंब वाजतात, त्याला झोप लागत नाही.’ पुढे मला बोलावं लागलं नाही.

शब्द जवळचे निघाले तर मात्र फजिती होते. टेबल आणि खुर्चीवर गोष्ट नुसती बसून राहते. रोदारी एका मुलाला फळ्याच्या पुढच्या बाजूला आणि दुसऱ्याला मागच्या बाजूला, एकमेकांचं न पाहता लिहायला लावत. मी दोन डब्यांत चिठ्ठ्या ठेवतो, एकात प्राणी, दुसऱ्यात वस्तू.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. चिठ्ठ्यांच्या गोष्टी चतुर होतात, पण त्यात ते मूल स्वतः फारसं दिसत नाही. ज्याच्या मनात काही साचलंय त्याला मासा आणि छत्री देऊन काय उपयोग? म्हणून महिन्यातला एक तास मी अजून कोरा ठेवतो.

मुलं दहा-बाराच असतील आणि लिहिलेलं छापून वाटायची तुमची तयारी असेल, तर फ्रेन्यांची वाट बहुधा जास्त चांगली. वर्ग भरलेला आणि आठवड्याला तास एकच असेल, तर मी आपला डब्यांकडेच बोट दाखवेन. पेन्सिलींना टोकं माझ्या वर्गात अजूनही काढली जातात, पण लिहिता लिहिता मोडतात म्हणून.