वर्गोन्नती की पुनर्परीक्षा?
2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास न करण्याचे ठरवले होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली आणि नापासांची पुनर्परीक्षा घेऊन, तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. पहिल्या पद्धतीत शाळागळती टळण्याची आशा होती; पण हातच्याची वजाबाकी न येणारे मूल प्रगतिपुस्तकावर ‘वर्गोन्नत’ असा शेरा घेऊन सहावीच्या अपूर्णांकांपुढे जाऊन बसे. दुसऱ्या पद्धतीत ती उणीव निदान वेळेवर उघडी पडते. मात्र तेच पुस्तक त्याच पद्धतीने, कदाचित धाकट्या भावंडाच्याच वर्गात बसून (ही नामुष्की मोठ्यांनाही सोसवणार नाही) पुन्हा शिकण्यापेक्षा पुनर्परीक्षेआधीच्या जादा तासांना मी अधिक मोल देईन.