उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज: आधी चढ चढून या, मग प्लग बघू

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दोन लेथच्या दुकानांमध्ये एक पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. बसायला जुन्या जीपचं सीट, त्यातून स्प्रिंग टोचते. माझी गाडी १९९८ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, बाबांची. विकवत नाही.

गेल्या वर्षी तिला मिसिंग सुरू झालं, म्हणजे इंजिन मधूनमधून ठोका चुकवायचं. सकाळी स्टार्ट केली की मागून निळा धूर, दोन मिनिटांत गायब. ऑइल महिन्याला अर्धा लिटर वरून घालावं लागायचं. आधी एका मोठ्या, काचेच्या केबिनवाल्या वर्कशॉपमध्ये नेली. रात्रभर गाडी तिथेच होती. सकाळी चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा) ओढून चालू केली, आवारात इकडची तिकडे लावली आणि प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारे, काढून मला दाखवले. तिन्ही काळेकुट्ट. "रिंगा (पिस्टनभोवतीची फट बंद करणाऱ्या कड्या) गेल्यात, इंजिन खोलावं लागेल." एस्टिमेट बत्तीस हजार.

मी तेवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत. पोटभर जेवून आलेल्या माणसाची फास्टिंग शुगर काढावी, तसं काहीतरी झालंय असं मला तिथे उभ्याउभ्याच वाटलं होतं. पण गाडीतलं आपल्याला काय कळतंय म्हणून गप्प बसले.

बिनपाटीवाल्या मामांनी तेच तीन प्लग बघितले आणि परत घट्ट बसवले. "ताई, ही चोकची काजळी. यावरनं मी काय बी सांगणार नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला जाऊया, चढाला काजळी जळून खरा रंग दिसंल."

वाघबीळच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरायला लावला. मग एकदम क्लच दाबून किल्ली एकच घर मागे (आणखी मागे नेली तर स्टिअरिंग लॉक होतं) आणि गाडी कडेला. आयडलला (उभ्याने नुसती चालू) एक मिनिटही ठेवायची नाही, नाहीतर पुन्हा काजळी धरते आणि चढाची सगळी मेहनत वाया. मामांनी फडक्यात धरून एकेक प्लग काढला आणि बॉनेटच्या कडेला ओळीने ठेवला. खिशातून घड्याळजी लावतात तसलं भिंग काढून डोळ्याला लावलं. मलाही दिलं.

एक आणि तीन नंबर: आतली पोर्सिलेनची दांडी फिकट तपकिरी, बशीत वाळलेल्या चहाच्या डागासारखी. कोरडी. दोन नंबर मात्र काळा आणि चकचकीत, आट्यांपर्यंत ओला. कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय म्हणायचं. हे ओलं म्हणजे ऑइल, आणि तेही एकाच सिलिंडरला.

शेडमध्ये परतल्यावर कॉम्प्रेशन गेज लावलं, सिलिंडरमध्ये दाब किती धरतोय ते बघायला. तिन्हींत फरक नावापुरता. दोन नंबरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघितलं, काटा जेमतेम हलला. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून काटा चांगलाच वर गेला असता. म्हणजे ऑइल वरून झिरपतंय, व्हॉल्व्हच्या (हवा-धुराच्या झडपांच्या) सीलमधून. रात्रभरात थेंब थेंब खाली उतरायचं, आणि सकाळी निळा धूर.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काढलंच नाही. वरचं कव्हर आणि रॉकर सोडले, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सरकवली आणि पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. पिस्टन वर येऊन दोरी दाबली गेली, व्हॉल्व्ह खाली पडायला जागाच उरली नाही. मग स्प्रिंग काढून सील बदलले. सहाच्या सहा, कारण "एक गेलं की बाकीची रांगेत असतात." सगळे मिळून २,७०० रुपये.

नवे प्लग आणताना माझ्या आधीच्या ऑनलाइन खरेदीवर मामा हसले. मी मोठा आकडा म्हणजे चांगला असं समजून मागवले होते. एनजीकेत (प्लगची कंपनी) आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. हे मला त्या वेबसाइटवर कुणी सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा वाघबीळ. या वेळी तिन्ही प्लग जवळजवळ पांढरे, आणि माझ्या पोटात गोळा. पांढरा म्हणजे मिश्चर पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), इंजिन तापतंय, एवढं मी तोवर वाचलं होतं. मामांनी भिंगातून पोर्सिलेनवर फोड किंवा चमकणारे बारीक कण आहेत का ते बघितलं. नव्हते. पेट्रोलमधलं शिसं गेल्यापासून रंग फिकाच येतो म्हणाले, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, कार्बोरेटरला ते कळत नाही, तो आपला जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एक नंबर मोठं घातलं. पुढच्या फेरीत रंग फिक्या बिस्किटावर आला. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइपही बदलून घ्या म्हणाले, ते मी अजून केलेलं नाही.

तक्रारी आहेत. बिल मिळत नाही, फोन उचलत नाहीत, सांगितलेल्या वेळेत दोन तास मिळवायचे. इंजेक्शनच्या गाड्या हातात घेत नाहीत, "स्कॅनरवाल्याकडं जावा" म्हणतात. पण कार्बोरेटरची गाडी असेल आणि कुणी इंजिन खोलायला सांगितलं असेल, तर आधी इथे दाखवा.

सोमवारी बंद. फडकं स्वतःचं न्या, त्यांचं हातात धरवत नाही.