फोन असताना कॅमकॉर्डर कशाला? काही महिने वापरल्यानंतरचं मत

हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारून झालाय. मुलांचे कार्यक्रम आणि पक्षीनिरीक्षण या दोन कामांसाठी कॅमकॉर्डर, म्हणजे हातात धरायचा व्हिडिओ कॅमेरा, घेतला. आता उत्तर एका शब्दात देता येतं: झूम.

ठरावीक मर्यादेपुढे फोन चित्र नुसतं कापून मोठं करतो. इथे आतली भिंगं खरोखर सरकतात, म्हणून 20 पट जवळ आणलं तरी पिसांवरच्या रेषा दिसतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या डिजिटल झूमला मात्र भुलू नका, तो फोनसारखंच चित्र कापून मोठं करतो. मी तो मेनूत जाऊन बंदच करून टाकलाय. पूर्ण झूमवर श्वास घेतला तरी चित्र हलतं. ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भिंगं हलवून भरून काढणारी सोय) बरंच सावरून घेतं, पण घरट्यावर पाच मिनिटं नजर ठेवायची तर ट्रायपॉड हवाच.

सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे प्री-रेकॉर्ड. बटण दाबण्याआधीची दोन-तीन सेकंदंही त्यात येतात. पक्षी उडाल्यावर आपलं बोट हलतं, हे बनवणाऱ्यांना बरोबर ठाऊक असावं! व्ह्यूफाइंडरसाठी, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीसाठी, थोडे जास्त पैसे मोजले, त्याचंही समाधान आहे. भर उन्हात बाजूच्या स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो.

आता उणी बाजू. एवढा झूम छोट्या यंत्रात बसवायचा तर सेन्सरही (प्रकाश टिपून चित्र बनवणारा भाग) चिमुकलाच ठेवावा लागतो. सभागृहातले दिवे मंद झाले की चित्र दाणेदार होतं. घरातल्या वाढदिवसाला मी सरळ फोन काढतो.

मोकळ्या माळावर वाऱ्याची घरघर इतकी येते, की मेनूतला ‘विंड कट’ पुरत नाही. माइकवर केसाळ कव्हर चढवल्यावर फरक पडला. बाहेरचा माइक जोडायची सोय नसलेलं मॉडेल मी तरी घेणार नाही.

4के मध्ये सेकंदाला 100 मेगाबिटने शूट केलं तर तासाला साधारण 45 जीबी जागा जाते, आणि त्यासाठी व्ही30 दर्जाचं (सेकंदाला किमान 30 मेगाबाइट लिहू शकणारं) मेमरी कार्ड लागतं. त्यामुळे 4के फक्त पक्ष्यांसाठी, बाकी सगळं फुल एचडी.

जादा बॅटरी सोबतच घ्या. दिवसभर बाहेर राहणार असाल तर पॉवर बँकेवर कॅमेरा चालतो का, हेही आधी विचारा. काही मॉडेल यूएसबीने चार्ज होतात, पण तेवढ्या वेळात रेकॉर्डिंग करू देत नाहीत.