भाजी धुण्याचं लिक्विड: पाचपैकी दीड तारा

2020 मध्ये कोविडची साथ आली आणि सॅनिटायझरशेजारी ही बाटलीही दुकानांत दिसू लागली. कृती सोपी: पाण्यात झाकणभर लिक्विड, भाजी पाच मिनिटं बुडवायची, मग विसळायची. माती निघते, खरंय. पण ती वाहत्या नळाखाली चोळूनही निघते. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन तर साबण, डिटर्जंट आणि असली लिक्विडं वापरूच नका म्हणतं.

खरी गोची विसळण्यात आहे. फ्लॉवरचे तुरे उलटे धरून दाबून पाहा, फेस येतच राहतो. तो पोटात गेला की मळमळ, जुलाब. पालेभाजी ओलीच फ्रिजात ठेवली तर चिकट होते, यात मात्र बाटलीचा दोष नाही. आयत्या वेळी धुवावी, नाहीतर फडक्यावर पूर्ण सुकवावी.

विषाणूचं म्हणाल, तर प्रयोगशाळेत तो पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत आणि प्लास्टिकवर 72 तासांपर्यंत टिकला होता. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे अन्नातून संसर्ग झाल्याचा पुरावा नाही. धोका दुकानातल्या गर्दीचा. सामान लावून झाल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुणं या बाटलीपेक्षा कामाचं.

दूध-मांस 'क्वारंटाइन' म्हणून दाराबाहेर ठेवायची टूम तर उलट घातक. दोन तासांच्या आत ते फ्रिजात, 5 अंशांखाली गेलंच पाहिजे.

अर्धा तारा मापाच्या झाकणाला. सिंक घासायला लिक्विड चांगलं आहे.