अंगणातलं साचणारं पाणी: भोकांचा पाइप आणि खडीची चर, एका पावसाळ्यानंतर

बारा मीटर चर, ११० मिमीचा भोकं पाडलेला कडक पीव्हीसी पाइप, धुतलेली खडी आणि जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं). या सामानावर अख्खा पावसाळा निघाला. जमीन चिकणमातीची. पूर्वी मोठ्या पावसानंतर दोन-दोन दिवस चिखल हटत नसे; आता पाऊस संध्याकाळी थांबला तर सकाळी पाय रुतत नाही. मात्र हा फरक चरीच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटरपर्यंतच. अंगण रुंद असेल तर एका चरीत भागणार नाही.

पाइपपेक्षा उतार महत्त्वाचा. मीटरला एक सेंटिमीटर धरला, म्हणजे सुरुवातीला ५० सेंमी खोल असलेली चर तोंडाशी, म्हणजे पाणी बाहेर पडतं तिथे, ६२ सेंमी होते. हा उतार डोळ्यांनी जोखू नये. दोरी ताणून लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दर दोन मीटरला तपासावा. वरून बादलीभर पाणी ओतून बघायची युक्ती इथे फसवी, कारण ते पाणी भोकांतून खडीत उतरतं आणि उतार बरोबर असला तरी पलीकडे येत नाही. गुंडाळीत मिळणारा लवचिक पाइप टाकायला सोपा, पण मध्ये झोळ पडला की तिथेच गाळ बसतो, आणि साफ करायची सळई त्याच्या वळ्यांत अडकते. कडक पाइपच घ्यावा.

भोकं खाली. यावर वाद घालणारे भेटतातच. पाणी चरीत तळापासून चढतं; भोकं वर ठेवली तर ते पाइपच्या माथ्यापर्यंत आल्याशिवाय वाहायला लागत नाही, आणि तोवर आजूबाजूची माती भिजलेलीच राहते.

३० सेंमी रुंदीच्या या चरीला वरची १० सेंमी माती सोडून सुमारे दीड घनमीटर खडी लागते, २० ते ४० मिमीची. मूठभर खडी पाण्यात बुडवून ढवळावी. पाणी गढूळ झालं तर कच शिल्लक आहे, पुन्हा धुवायची. कापड न विणलेलं, दोन मीटर रुंद. चरीला आतून अस्तरासारखं लावून वर ३० सेंमी एकावर एक दुमडायचं. नुसत्या पाइपला गुंडाळलं तर खडीत माती शिरते आणि बारीक गाळाचा थर त्या कापडावरच बसून भोकं बंद होतात.

छताचं पाणी यात सोडू नये. १०० चौरस मीटर छतावर २० मिमी पाऊस म्हणजे दोन हजार लिटर. ते भोकांतून बाहेर पडून कोरडी होत आलेली माती पुन्हा भिजवतं. पन्हळीच्या पाण्याला वेगळा बंद पाइप हवा. भिंतीलगत मातीचा ढाळच घराकडे असेल तर आधी तो उलटा करावा: पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंमी. कित्येक घरांत तेवढ्यानेच काम होतं आणि चर खणावीच लागत नाही.

कुरकुर करण्यासारख्या गोष्टी दोन. पहिल्या मोठ्या सरींत चरीवरची माती दोन-तीन सेंमी बसते. थोडी माती बाजूला काढून ठेवलेली बरी. दुसरी, तोंडावरची जाळी. बारीक जाळी पाल्याने दोन दिवसांत तुंबते. १० मिमीची पुरते, मोठे उंदीरही आत जात नाहीत. वळणावर ९० अंशांचा एक बेंड न लावता ४५ चे दोन लावावेत आणि चरीच्या वरच्या टोकाला झाकणाचा उभा पाइप ठेवावा. पावसाळ्याआधी आणि नंतर त्यातून नळी सोडली की गाळ निघतो. सुरुवातीच्या पावसात गढूळ पाणी येणारच. नंतरही येत राहिलं तर कापड फाटलंय किंवा जोड सुटलाय.

पाणी सोडायला अंगणापेक्षा खालची जागाच नसेल तर? शोषखड्ड्याचा विचार करण्याआधी ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरावा, जिरू द्यावा, पुन्हा भरून पातळी बघावी. तासाला सेंटिमीटरभरही उतरत नसेल तर शोषखड्डा निरुपयोगी. मग पक्कं चेंबर आणि तरंगत्या स्विचचा पंप, एवढाच मार्ग उरतो.