घरगुती पवनचक्कीची चाचणी: गाडीवर की मनोऱ्यावर?

घरी बनवलेली लहान पवनचक्की जोरदार वाऱ्यात तपासण्याचे दोन मार्ग आहेत: वारा पडलेला असताना ती जीपच्या टपावर खांब उभारून बसवावी आणि मोकळ्या खासगी रस्त्यावर गाडी पळवावी, किंवा थेट मनोऱ्यावर चढवून वाऱ्याची वाट पाहावी. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर ठेवला की पात्यांना सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा मिळतो आणि धोका दिसताच ब्रेक दाबता येतो. मनोऱ्यावर ही सोय नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. त्यामुळे जनित्राच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून चक्की थांबवायची असेल, तर ते वारा चढण्यापूर्वीच करावे, अन्यथा गुंडाळी जळू शकते.

तरीही माझा कल मनोऱ्याकडे आहे, कारण गाडीवरचा वारा समोरूनच येतो (टपावरून उसळून तो मोजमाप बिघडवतो, ते वेगळेच). साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पावसाळ्यात घोंघावतो तशा झोतांच्या वाऱ्यात चक्कीच्या मागचे शेपूट वेळेवर दुमडून पाती वाऱ्याच्या झोतातून बाजूला वळतात की नाही, हे मनोऱ्यावरच कळते.