युनिडेन बीसी १२५ एटी: खरखर स्कॅनरची की घराची?

घोडबंदर रोडवरचा पंधरावा मजला असो की कोपरखैरण्यातलं बैठं घर, हा स्कॅनर, म्हणजे एकामागून एक फ्रीक्वेन्सी चाळून बिनतारी बोलणं ऐकवणारा हातातला संच, सुरू केल्यावर पहिल्यांदा ऐकू येते ती खरखर. मग संच परत पाठवायचा विचार सुरू होतो. तशी घाई करू नका. संच चांगला आहे. खरखरीचं मूळ बहुतेक वेळा त्याच खोलीतल्या एखाद्या अडॅप्टरमध्ये निघतं, आणि ते शोधायला हाच स्कॅनर उत्तम हत्यार आहे.

आधी संचाबद्दल थोडक्यात. २५ ते ५४, १०८ ते १७४, २२५ ते ३८० आणि ४०० ते ५१२ मेगाहर्ट्झ असे चार पट्टे, १० बँकांत (गटांत) मिळून ५०० चॅनल, दोन एए सेल, फिरवून बसणाऱ्या बीएनसी जोडाचा अँटेना. सेलच्या खणात अल्कलाइन की रिचार्जेबल ते ठरवणारा छोटा खटका आहे, तो आधी नीट लावा. अल्कलाइन सेल घालून चार्जिंग करायचं नाही. संच फक्त अ‍ॅनालॉग आहे. डिजिटल प्रक्षेपण त्यावर मोटर घरघरल्यासारखं ऐकू येतं आणि लोक त्यालाच बिघाड समजतात. ते कोणत्याही फिल्टरने जाणार नाही, चॅनल वगळणं एवढंच हातात आहे. आणखी एक गोष्ट: आपल्याकडे बिनतारी यंत्रांना परवान्याचे नियम आहेत, ते पाहूनच खरेदी करा. हौशी रेडिओचा परवाना असणाऱ्यांना १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ हे पट्टे ऐकायला संच छान आहे. पोलिसांचं किंवा विमानतळाचं बोलणं ऐकायला तो घेऊ नका.

आता खरखर. सर्वात आधी चार्जिंगची केबल काढा, संच सेलवर चालवा. आवाज तेवढ्यानेच गेला तर दोष मोबाइलच्या चार्जरचा किंवा लॅपटॉपच्या यूएसबीचा. राहिला तर स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा आणि अँटेना फिरवून काढून टाका. आवाज बदलला किंवा मंदावला तर तो संचाबाहेरून येतो आहे. एखाद्या ठरावीक फ्रीक्वेन्सीवर स्कॅनर अँटेना नसतानाही अडकून राहत असेल, तर ती त्याच्या आतल्या ऑसिलेटरची शिट्टी, बर्डी म्हणतात ती. प्रत्येक स्कॅनरमध्ये अशा काही जागा असतात. तिथे लॉकआउटचं, म्हणजे ती जागा वगळण्याचं, बटण दाबा आणि पुढे चला.

दर दोन सेकंदांनी टिक होऊन आवाज तुटतो, ही तक्रार वेगळी आहे. तो गोंगाट नाहीच. प्रायॉरिटी (ठरवलेलं चॅनल अधूनमधून तपासणं) किंवा क्लोज कॉल (जवळचा जोरदार सिग्नल शोधणं) चालू राहिलेलं असतं, आणि ऐकता ऐकता संच मध्येच दुसरीकडे डोकावून येतो. दोन्ही बंद करून पाहा.

बाहेरून येणारी खरखर शोधायची तर एक रिकामं चॅनल घ्या, त्यात १४५ च्या आसपासची शांत फ्रीक्वेन्सी भरा आणि मॉड्युलेशन मुद्दाम एएम ठेवा. एफएममध्ये संच सिग्नलचे चढउतार कापून टाकतो, त्यामुळे गोंगाट जवळ आला की लांब गेला ते कानाला कळत नाही. एएममध्ये लगेच कळतं. मग घराचा मेन एमसीबी पाडा. इन्व्हर्टर असेल तर त्याचं आउटपुटही बंद करा, नाहीतर निम्मं घर चालूच राहतं आणि चाचणी फसते. शांतता झाली की एकेक एमसीबी वर करा. प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा, कारण काही उपकरणं उशिरा जागी होतात. खोली सापडली की त्या खोलीतले प्लग एकेक करून काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा.

नेहमीचे संशयित ठरलेले आहेत. स्वस्त एलईडी बल्ब आणि पॅनल लाइटचा ड्रायव्हर, बीएलडीसी पंखा, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, वायफाय राउटर. स्वस्त मालात आतले फिल्टरचे कॉइल आणि कपॅसिटर वगळलेले असतात, म्हणून स्विचिंगचा कचरा वायरवर येतो आणि वायरच अँटेना होते. डिमरची भुणभुण जाड, १०० हर्ट्झची असते, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या दुप्पट. ती खालच्या, २५ ते ५४ च्या पट्ट्यात जास्त त्रास देते. राउटरची खूण वेगळी: लॅनचं मूळ घड्याळ २५ मेगाहर्ट्झचं, त्यामुळे १२५, १५० अशा २५ च्या पटींत घट्ट शिट्ट्या मिळतात. राउटर चालू ठेवून फक्त लॅन केबल उपसली आणि शिट्टी गेली, तर दोषी केबल.

उपाय फेराइटचा, म्हणजे वायरवर बसवून गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय मण्याचा किंवा क्लिपचा. पण कुठलाही काळा मणी चालत नाही. ३१ नंबरचं मिश्रण साधारण १ ते ३०० मेगाहर्ट्झसाठी, ४३ नंबरचं २५ ते ३०० साठी. दोन्ही इथे चालतील. क्लिप गोंगाट करणाऱ्या उपकरणाला अगदी चिकटून लावा, स्कॅनरजवळ नको. वायरचे दोन-तीन वेढे बसले तर उत्तम, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. पण या पट्ट्यात पाच-सहा वेढे घातले तर वेढ्यांतली कपॅसिटन्स उलट वाट मोकळी करते. क्लिप 'कट्' आवाज करून पूर्ण मिटली पाहिजे, केसाएवढी फट राहिली तरी परिणाम कोसळतो. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा फुगवटा म्हणजे फेराइटच. भंगारात टाकण्याआधी कापून घ्या. नवीन हवं असेल तर लॅमिंग्टन रोडला मिळतं, बीएनसीच्या जोडण्याही तिथेच. बल्बच्या बाबतीत मात्र फेराइटचा खटाटोप नको, बल्बच बदला.

मोठा अँटेना लावला की सगळं सुधारेल, ही समजूत सोडा. फ्लॅटच्या आत लांब अँटेना आपला सिग्नल वाढवतो तेवढाच घरातला गोंगाटही वाढवतो. १४५ साठी सुमारे ४९ सेंटीमीटर पुरतात, आणि तो खिडकीबाहेर गेला तरच फायदा. बाहेर गेल्यावर मुंबईच्या एफएम केंद्रांचा दणका बसतो आणि दोन जोरदार केंद्रं संचात मिसळून तिसऱ्याच जागी ऐकू येतात. १०७.१ च्या केंद्राची दुप्पट करून ९१.१ चं केंद्र वजा करा: १२३.१. त्याच हिशोबाने ९३.५ शी मिळून १२०.७. या दोन जागी गाणी ऐकू आली तर संचाचा पुढचा भाग दबला आहे असं समजा. असा दबलेला संच १४५ वरचे बारीक सिग्नलही गिळतो. ८८ ते १०८ अडवणारा तयार फिल्टर अँटेना आणि संच यांच्यामध्ये लावा. बीएनसीच्या टी-जोडावर आरजी-५८ केबलचा सुमारे ५० सेंटीमीटरचा, टोक उघडं ठेवलेला तुकडा लावला तर ९८ च्या आसपास चांगली घट मिळते. १४५ वर त्याने थोडंच जातं, १२३ वर मात्र निम्म्याहून जास्त शक्ती वाया जाते. तयार फिल्टर घेणंच शहाणपणाचं.

सीटीसीएसएस टोन (बोलण्याबरोबर जाणारा खालचा खुणेचा सूर, तो असेल तरच संच आवाज उघडतो) लावून खरखर गेली असं वाटतं, पण तो फक्त दरवाजा बंद ठेवतो. गोंगाट आतच असतो आणि दूरच्या माणसाचा आवाज त्याखाली दबलेलाच राहतो.

आपलं घर पूर्ण अंधारात असूनही खरखर चालूच असेल तर जिन्यात आणि लिफ्टच्या दारात जा. लिफ्टबरोबर सुरू होऊन तिच्याबरोबर थांबणारी खरखर मोटरच्या ड्राइव्हची. अंधार पडताच सुरू होणारी रस्त्यावरच्या दिव्यांची. रुळांजवळ राहणाऱ्यांना लोकल गेली की काही सेकंद कडकडाट मिळतो: २५ हजार व्होल्टच्या तारेवर पेंटोग्राफ ठिणग्या उडवतो, त्यावर इलाज नाही. महापे, रबाळेच्या कारखान्यांशेजारी कामाच्या वेळा आणि सुट्टीचा दिवस यांतला फरक ऐका.

दिशा काढायची तर संच छातीशी धरून सावकाश गोल फिरा. आवाज सर्वात कमी झाला की उगम पाठीमागे. जवळ गेल्यावर अँटेना काढून बीएनसीच्या मधल्या छिद्रात चार सेंटीमीटरची तार खोचा, म्हणजे संच बधिर होतो आणि नेमका विजेचा खांब सापडतो. कोरड्या हवेत कडकडणारा आणि पाऊस लागताच गप्प होणारा खांब बहुधा सैल जोडाचा. खाडीच्या बाजूला ओल आल्यावर सुरू होणारा, मिठाने माखलेल्या इन्सुलेटरचा. खांबाचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. जिथे महावितरणची वीज आहे तिथे १९१२ वर तक्रार करताना रेडिओची खरखर सांगू नका, खांबावर ठिणगी पडते असं सांगा आणि नंबर द्या.